कांद्यांची राखण

आमच्याकडे कांदा म्हणजे कांदा. महाळुंगे पडवळच्या शिवारात हा शब्द काढला की माणसाला भाव, गोण्या आणि बराख यापलीकडे काही सुचत नाही. बराख म्हणजे कांदा साठवायची जाळीची कोठी. गुलछडीच्या गड्ड्यांनाही आम्ही कांदेच म्हणतो, आणि आजवर त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, जन्म मेंढरांमागे गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या आधी परत चढायचा. वाटेतले शेतकरी आपल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेत, कारण लेंडीखत पडलं की रान चांगलं पिकतं. पण ते पिकलेलं रान मामांनी कधी पाहिलं नाही. तिथे पेर होईपर्यंत यांचं बिऱ्हाड घोड्यावर चढून चार गावं पुढे गेलेलं असायचं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी कळप पुतण्याच्या हवाली केला आणि मळ्यावर आमच्याजवळ राहायला आले. सोबत एक कुत्रं तेवढं आणलं. पडवीत बसले तरी काठी हातात. मी म्हणायची, "मामा, हितं कोन पळून जानार हाय?" ते हसायचे, पण काठी काही खाली ठेवत नसत.

गेल्या चैत्रात मी माहेराहून गुलछडीच्या कांद्यांची पिशवी आणली. माझं माहेर लेण्याद्रीच्या पायथ्याशी, भावाची तिथे फुलशेती आहे. मला ते दारापुढे कुठेतरी खुपसून मोकळं व्हायचं होतं. मामांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

"ह्ये मी लावतो," ते म्हणाले.

"लावा की. मला तेवढंच एक काम कमी."

"आन फुलल्यालं बी मीच बघनार." मग म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात लई उगवून दिलं, बाई. आपल्या हातचं एक तरी फुलल्यालं बघावं म्हनतो."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते.

मोरीचं पाणी जातं त्या वाटेवर त्यांनी वाफा केला. मागच्या पावसाळ्यात कळप बसला होता तिथून लेंडीखत गोणीत भरून आणलं. कोकरू डालग्याखाली झाकावं तसा एकेक कांदा मातीखाली झाकला. उसातून रानडुकरं येतात म्हणून आमच्याकडे रानाभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यावर कापड हललं की जनावर बिचकतं. मीही दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. मामांना तो अपमान वाटला. "लुगडी कशाला? मी हाय की," म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची बाज वाफ्याशेजारी आली. बाजेखाली कुत्रं. लांडग्या-बिबट्यांना पुरून उरलेला माणूस, आता गुलछडी राखत होता. मी गालातल्या गालात हसायची, पण मला ते आवडायचं.

वैशाखात पुतण्याचा निरोप आला, कळप घाट चढून वर आलाय. मामांचा पाय घरात ठरेना. अजून एकही कोंब दिसत नव्हता. "कोंब फुटायच्या आत येतोच," म्हणाले. कळंबहून एसटी धरायची घाई, त्यात माझे यजमान बराख भरण्याच्या गडबडीत. मामांनी जाताजाता त्यांना बजावलं, "कांद्याकडं ध्यान ठेव. कुत्रं तिथंच बांध."

यजमान "व्हय आबा" म्हणाले आणि सांगितलं ते चोख केलं. कुत्रं नेऊन विहिरीपलीकडे बराखीला बांधलं, वर त्याला भाकरीही टाकली. इकडे अंगणात कुत्रं दिसलं नाही, तेव्हा मला वाटलं मामांच्या मागे गेलं असेल. ते त्यांना सोडून राहत नव्हतंच. म्हणून मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वाफा जागेवर नव्हता. नांगर उलटा घालावा तशी माती उकरलेली, त्यात डुकरांच्या खुरांचे ठसे, आणि पांढरे कांदे कुठे अर्धे चावलेले, कुठे पायाखाली चिरडलेले. खाल्ले थोडे, नासले फार. एखादा तरी धड सापडेल म्हणून मी ढेकळं चाचपत बसले. यजमान कुत्रं सोडून घेऊन आले, वाफ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजी ह्ये कांदं व्हय?" मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. बराखीतल्या कांद्याला डुक्कर तोंड लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं; पण वडिलांचा शब्द म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं.

मामा संध्याकाळी आले. खाली वाकून त्यांनी ठसे पाहिले. "मादी हाय. पिल्लं व्हती संगं. ओल बघून आली," एवढंच म्हणाले.

"आबा, मला वाटलं बराखीतलं..." यजमान म्हणाले.

"कांदंच म्हनलो व्हतो मी. तुझं काय चुकलं?"

मग त्यांनी बाज उचलून पडवीत नेली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते पुतण्याच्या कळपावर जास्त राहू लागले. मला वाटलं, यांचं मन परत घराकडे वळवायचं तर फूलच हवं. ते नसताना मी माहेराहून पुन्हा पिशवी आणली. तोच वाफा नीट केला, त्याच ओळी धरल्या, उरलेलं लेंडीखत घातलं आणि या खेपेला चारी बाजूंनी साड्या बांधल्या. त्यांना काही कळवलं नाही. आल्यावर एकदम दाखवायचं, म्हणून मी लहान पोरीसारखी खुशीत होते.

भाद्रपदात मामा गौरींना घरी आले. दांडे वर आले होते आणि खालच्या कळ्या उमलल्या होत्या. साडी बाजूला सारून ते आत गेले, एका फुलाला बोट लावलं.

"झ्याक आलंय तुझं," म्हणाले.

"माझं कसलं, मामा? तुमचंच हाय. वाफा तुमचा, खत तुमचं."

"लावल्यालं तुझं हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. वाफ्यात त्यांनी एकवार कडेपर्यंत नजर फिरवली, कुठे मोकळी जागा राहिलीय का ते पाहत असावेत. "एखादा कांदा ठिवायचा व्हतास माझ्यापुरता."

मी सगळे लावून टाकले होते.