आमच्याच पाण्याची गोपनीय माहिती

खाडीकाठच्या आमच्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे. मी शाळेत असताना जमिनीखालच्या उष्णतेचा अभ्यास करायला एका सरकारी खात्याची माणसं आली, तेव्हा बोअर मारायला जागा माझ्या वडिलांनी दिली. ते गावातल्याच शाळेत शिक्षक. पथक निघून गेल्यावरही वर्षभर, रोज सकाळी शाळेआधी, त्यांनी पाण्याचं तापमान मोजून वहीत लिहिलं. त्यांच्या अंगात ताप असला की आई चिडायची, तरी जायचे. वर्ष संपल्यावर पथकाचे साहेब येऊन वही घेऊन गेले. "अहवाल झाला की शाळेला प्रत पाठवतो," म्हणाले. वडील वारले तोवर ती आली नव्हती.

आता मी माणगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मध्यंतरी गावी गेले तेव्हा मावशीने विचारलं. ती आणि तिच्या बचत गटातल्या बाया सुकी मासळी विकतात.

"बाय, कुंडाचं पानी आयतं गरम हाय. त्याच्यावर मासळी सुकवता येल का?"

येणार होती. नळ्यांतून गरम पाणी फिरवायचं, त्यांवरून पंख्याने हवा सोडायची. फक्त पाणी वर्षभर किती गरम असतं, त्यात काय विरघळलेलं आहे, हे माहीत हवं होतं. मी खात्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग स्वतःच गेले.

"अहवाल गोपनीय आहे, मॅडम," तिथले अधिकारी म्हणाले.

"त्यातलं तापमान माझ्या वडिलांनी मोजलंय."

"असेल. पण गावातल्या लोकांना त्यातलं काय कळणार?"

मी भौतिकशास्त्र शिकवते हेही सांगितलं. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि जेवायला उठले.

शेवटी आम्ही अंदाजाने यंत्र उभं केलं. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, पाऊस चालूच होता, आणि पहिले काही दिवस बोंबील छान खडखडीत वाळले. मग हवा गार येऊ लागली. नळी कापून पाहिली तर आत दगडासारखा पांढरा थर, करंगळीसुद्धा जाईना. आत टांगलेली मासळी सगळी कुजली. बायांनी नाकाला पदर लावून ती खड्ड्यात पुरली. मावशी म्हणाली, "आमालाच न्हाय जमलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चूक त्यांची नव्हतीच, पण त्या घरी गेल्या त्या खाली मान घालून.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नकार आला. अपील केलं. सुनावणीत विचारलं, "आमच्या जमिनीतलं पाणी किती गरम आहे, हे आमच्यापासून लपवून कुणाचं संरक्षण होतंय?" अहवालाच्या छायाप्रती मिळाल्या.

एस.टी.त बसून वाचायला घेतला. मधल्याच एका पानावर लिहिलं होतं: या पाण्यात क्षारांचं प्रमाण जास्त आहे, ते थेट नळ्यांतून फिरवू नये. इतकी वर्षं ते वाक्य कपाटात बंद होतं. पुढे वडिलांच्या वहीतली वर्षभराची सगळी तापमानं, एकही दिवस न गाळता छापलेली. खाली बारीक अक्षरात 'स्थानिक मदतनीसाकडून'. मी पेन काढून त्याखाली वडिलांचं नाव लिहिलं.

यंत्र आम्ही बदललं. कुंडाचं पाणी नळीत घ्यायचं सोडलं. नळीचं वेटोळंच कुंडाच्या पाण्यात बुडवलं आणि आतून विहिरीचं पाणी फिरवलं. आता मासळी वाळते, भर पावसातही. अहवालाच्या प्रती मी ग्रामपंचायतीत ठेवल्या, शाळेला दिल्या, मागेल त्याला फोनवर पाठवल्या. कुणाची परवानगी घेतली नाही.

ज्या दिवशी पहिला माल बाजारात गेला, त्या दिवशी मावशीने मला अहवालातलं क्षारांचं ते पान मोठ्याने वाचायला लावलं.

"यवढंच होतं? मंग आदी का न्हाय सांगितलं?"

पलीकडच्या तालुक्यात असंच एक कुंड आहे. तिथेही तेव्हा बोअर मारली होती, तिथल्याही कुणीतरी रोज सकाळी जाऊन तापमान लिहिलं असेल. त्या अहवालासाठी गेल्या महिन्यात मी अर्ज केला. परवा उत्तर आलं. गोपनीय.

अपिलाचा कागद आज लिहायला घेतलाय.