खालची फळी

“घरच्या सवयी घरीच ठेवून यायच्या,” सर म्हणाले. सगळ्यांसमोर. माझ्याकडं बघून.

सांगलीच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा. आम्ही पाच विद्यार्थी. पेशी वाढवायच्या बाटल्यांत बुरशी झाली होती, पाचही जणांच्या. सरांनी मात्र नजर माझ्यावरच ठेवली. “तुझ्या बाटल्या आजपासून इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर. लाल पट्टी लाव, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायचा नाही.”

मी पट्टी लावली. स्वतःलाच समजावलं, खराब झालेलं वेगळं ठेवतातच, पुस्तकात लिहिलंय. मग बाकीच्या चौघांच्या बाटल्या वर का, हे विचारलं नाही. भीती वाटली. पीएच.डी.च्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सही सरांची लागते.

आम्ही कवठे महांकाळच्या बौद्धवस्तीतले. आजीच्या तरुणपणी हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर खिळ्याला अडकवलेला असायचा. आजी अडाणी. तिनं त्या हॉटेलातला चहाच सोडला. आणि मी एम.एस्सी. झालेली, दर नव्या बाटलीला कात्रीनं नीट कापून पट्टी लावत राहिले. दोन वर्षं. सांगायला लाज वाटते.

काम मात्र जमत होतं. पेशीला खायला द्यायच्या चरबीच्या रेणूला आम्ही दोन कार्बनची इवलीशी खूण जोडतो. पेशीत मुळात तसलं काही नसतं. त्यामुळं रामन सूक्ष्मदर्शकाखाली लेसर टाकला की त्या खुणेचा संकेत वेगळा उठून येतो आणि चरबी पेशीत कुठं साठली त्याचं चित्र उमटतं. सगळ्यांत स्वच्छ चित्रं माझ्या पेशींची यायची. बाहेरचे पाहुणे आले तेव्हा सरांनी नमुना माझ्याच बाटलीतला घेतला. आधी पट्टी काढायला लावली. सूक्ष्मदर्शकापुढं दुसऱ्याला बसवलं. पाहुणे गेले आणि मी पट्टी परत लावली. कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा प्रणाली ही नवी विद्यार्थिनी आली. कडेगावची, आमच्यातलीच. पहिल्याच दिवशी मी तिच्या बाटलीलाही लाल पट्टी चिकटवली. हेही कुणी सांगितलं नव्हतं.

“ताई, ही कशाला ओ?”

“असू दे. आपल्यासाठी बरं असतं.”

“आपल्या म्हंजी कुणाच्या?”

मला निदान सरांनी खाली ढकललं होतं. हिला मी ढकलत होते. त्या पोरीकडं वर बघवेना.

पट्टी सोलून काढली. आधी तिची, मग माझ्या सगळ्या. बाटल्या वरच्या फळीवर, बाकीच्यांच्या रांगेत ठेवल्या.

“पट्ट्या कुठायत?” सरांनी विचारलं.

“काढल्या, सर. बुरशी ज्याच्या बाटलीत निघेल त्याला लावा. माझ्या हातानं आता एकही लागणार नाही.”

सर निघून गेले. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून आहे. सही झालेली नाही. रोज सकाळी इन्क्युबेटर उघडते. तरी बाटल्या वरच ठेवते. प्रणालीही ठेवते.

सही झाली नाही, तर का नाही ते मी लेखी मागणार आहे. बंद खोलीत नाही. मला बोलले होते त्याच जागी, सगळ्यांसमोर.