जातो म्हणणारा मास्तर

जुन्नरात सावळेराम मास्तर म्हणून एक इसम होता. गाव त्याला तोंडावर अहो-जाहो करी. इथे तो समोर नाही, तेव्हा आपण ती तसदी घ्यायला नको. घोडेगावच्या शाळेत जन्मभर पोरांचे कान पिळून तो पेन्शनीत निघाला, आणि पुढे काय करावं हे सुचेना म्हणून विद्वान झाला. प्लेगाची साथ ओसरून तेव्हा काही वर्षं झाली होती. माणसं पुन्हा घरं उभी करत होती, सोयरिकी जुळवत होती, आणि हा गडी ओटीच्या भिंतीवर कोळशाने एक क्रियापद लिहीत बसला होता.

क्रियापद कोणतं, तर 'जाणे'. जगातल्या यच्चयावत भाषांत 'जाणे'ला काय म्हणतात आणि तो शब्द मुळात कुठून आला, हे शोधून काढायचा त्याने विडा उचलला होता. पुण्याहून मागवलेल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातलं थोडं, वाटसरूंच्या तोंडचं थोडं, असं करत भिंत भरत चालली होती. त्याची बायको प्रयागबाई दर दिवाळीला चुन्याचं मडकं घेऊन त्या भिंतीसमोर उभी राही, आणि हा आतून ओरडे, "खबरदार! तिथे रोमन लोक आहेत." मग ती तेवढी भिंत सोडून बाकीचं घर पांढरं करी. मेल्या रोमन लोकांना शेंदूर फासून देव्हाऱ्यातच बसवा की, असं तिच्या अगदी ओठांवर येई. पण नवऱ्याशी वाद घालणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मास्तरची खरी खोड पुढेच आहे. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. भांडून निघाला तरी 'येतो' म्हणतो. निरोप देणाराही 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. जातो म्हणायचं ते कायमचं जाणाऱ्याने. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मास्तरलाही कळत होतं, पण खपत नव्हतं. "जातोस ना? मग जातो म्हण! धडधडीत खोटं कशाला बोलतोस?" असं म्हणून तो दारातून निघणाऱ्याला अडवून धरी. प्रयागबाईचा सख्खा भाऊ धर्माजी घोडेगावाहून भाऊबीजेला आला, त्यालाही याने उंबऱ्यावर 'जातो' म्हणायला लावलं. पुढल्या वर्षापासून धर्माजीची ओवाळणी दुसऱ्याच्या हाती येऊ लागली. पहिल्या खेपेला बाई पाटावर निरांजन ठेवून वाट बघत बसली होती, आणि हा बाहेर कोळसा उगाळत होता.

महाशिवरात्रीला हा घोडेगावच्या रस्त्यावर जाऊन उभा राही आणि भीमाशंकराहून परतणाऱ्यांना गाठी. तुमच्यात घरून निघताना काय म्हणता हो? एक कानडी जंगम म्हणाला, "बर्तीनी." मास्तर हरखला. मग कळलं की त्याचा अर्थ 'येतो'. रस्त्याची खडी फोडणारे तेलंगी म्हणाले, "वस्तानु." तेही 'येतो'च. जुन्नरचा गुजराती पेढीवाला निघणाऱ्याला 'आवजो' म्हणे, एक बंगाली बैरागी 'आशी' म्हणाला. जो तो येतोच! कुणी जायला तयार नाही!

"सगळा देश खोटारडा आहे," घरी येऊन पाय आपटत मास्तर म्हणाला.

शेजारचा इस्माईल कागदी तेव्हा दारात उभा होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद होई. तो हसून म्हणाला, "आमच्यात बी 'आतूं'च म्हनतात, मास्तर. आन निघनाऱ्याला खुदाच्या हवाली करतात. तो येनार का जानार, ते काय आपल्या हातात हाय?"

प्रयागबाईला चुलीपाशी बसल्या बसल्या ते फार पटलं. मास्तरने ते भिंतीवर घेतलं नाही, कारण त्यात हवं ते क्रियापद नव्हतं.

या जोडप्याला एकच लेक, सरू. ती मढला दिली होती, माळशेजच्या वाटेवरच्या त्या पावसाळी गावात. जावई संपत चांगला होता, गरीब स्वभावाचा. घर चालायचं ते त्याच्या आईच्या, धोंडाबाईच्या शब्दावर. धोंडाबाईचा नवरा एकदा घरात भांडण करून, मिठासाठी बैल घेऊन घाट उतरला. निघताना उंबऱ्यातच रागाने म्हणाला, "जातो." बैल परत आले, माणूस आला नाही. तिने एकटीने शेती केली, पोर वाढवलं, आणि त्या घरात 'जातो' हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. अख्ख्या मढला हे ठाऊक होतं. मास्तरलाही ठाऊक होतं. सोयरीक करतानाच त्याला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "अज्ञान!"

सरूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला आणायला मास्तर स्वतः मढला गेला. धोंडाबाईने ओटी भरली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. सरू वाकून पाया पडली आणि म्हणाली, "येते, आत्याबाई."

"सरू!" मास्तर अंगणातून गरजला. "येते नव्हे, जाते. तू सावळेराम मास्तरांची कन्या आहेस. शुद्ध बोल."

सरूने बापाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. लहानपणी याच आवाजावर तिने पाढे म्हटले होते, हात पुढे करून छड्या खाल्ल्या होत्या. पोटुशी पोर ती, उन्हात उभी. तिच्या तोंडून निघून गेलं, "जाते."

धोंडाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती आत वळली. मास्तर वाटभर खुशीत होता. मढला शुद्ध मराठी पोचवली म्हणे!

घरी आल्यावर सरूने आईच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं. पुढे व्हायचं तेच झालं. सरूला मुलगा झाला, सांगावा धाडला, पण मढहून काळं कुत्रं आलं नाही. बारसं शेजारणींनी उरकलं. सरू रोज पोराला मांडीवर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसे. शेवटी बाजाराला आलेला मढचा गाडीवान सोमाजी निरोप घेऊन आला. ओटीवर न बसता, उभ्या उभ्याच त्याने सांगितलं.

"धोंडाबाई म्हनत्यात, सून जाते म्हनून गेली. गेलेलं मानूस आमच्या घरात परत येत न्हाई, आमी बघितलंय. मास्तरांनी हितं येऊन, त्याच उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन, निघताना 'येतो' म्हनावं. मंग सून आमची. न्हाईतर संपतची सोडचिठ्ठी हाय."

एवढंच. लुगडं नाही, मानपान नाही, माफी नाही. तोंडातून एक शब्द काढायचा.

"काडाल ना हो?" प्रयागबाईने त्या दिवशी नवऱ्यापुढे पदर पसरला. "लेकीचा संसार हाय. म्या तुमच्याकडं जल्मात काय मागितलं न्हाई."

"बघू," मास्तर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोमाजीच्याच गाडीतून सगळे मढला निघाले. मास्तर पुढे बसून सारखं काहीतरी पुटपुटत होता. प्रयागबाईला वाटलं, जन्मात न म्हटलेला शब्द आहे, बिचारा घोकतोय. त्या खुळ्या आशेवर तिला नवऱ्याबद्दल माया वाटली. गाडीत तिने त्याच्या पाठीशी घोंगडीसुद्धा लावून दिली.

तो भाषण घोकत होता.

मढच्या अंगणात सगळी आळी जमली होती. धोंडाबाईने घोंगडी अंथरली, गूळ-पाणी पुढे केलं. संपत खांबाला टेकून खाली बघत होता आणि चोरून पोराकडे बघत होता. सरू पोराला घेऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही. तिला अजून कुणी ये म्हटलं नव्हतं.

मास्तर उठला, उपरणं सारखं केलं आणि उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. प्रयागबाईने डोळे मिटून भीमाशंकराला हात जोडले.

"धोंडाबाई," मास्तरने सुरुवात केली, "आपला गैरसमज मी शास्त्राने दूर करतो. संस्कृतात 'इ' नावाचा धातू आहे. त्याचा अर्थ जाणे. एति म्हणजे जातो. रोमन लोकांचं 'ईरे' त्याच घराण्यातलं. त्याच 'एति'पासून झिजत झिजत आपलं 'येणे' झालं. म्हणजे तुमचं हे 'येतो' मुळात 'जातो'च आहे! उलट संस्कृतात 'गम्' म्हणजे जा, आणि त्याच कुळातलं इंग्रजाचं 'कम', त्याचा अर्थ मात्र ये."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. प्रयागबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रस्ताभर घोकलं ते हे! लेकीचं कुंकू उंबऱ्यावर टांगलंय, आणि याच्या तोंडी रोमन लोक!

धोंडाबाई मात्र शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, "मला त्यातलं लई कळलं न्हाई. पर तुमचं म्हननं, येनं म्हंजी मुळात जानंच. व्हय ना?"

"अगदी बरोबर!" मास्तर फुलला.

"मंग येतो म्हना, आन मनात जातो धरा. तुमचं शास्तरबी ऱ्हाईल आन माझी सूनबी."

म्हातारीने वाट करून दिली होती, त्याच्याच विद्येतून. आता फक्त तोंड उघडायचं होतं. सरूने मान वर केली. संपत खांबापासून सुटा झाला. मास्तरने घसा खाकरला, समोर जमलेल्या अडाणी बायाबापड्यांवरून नजर फिरवली, आणि या लोकांनी आपल्याला शिकवलं असं उद्या जुन्नरात म्हणतील, एवढाच विचार त्या डोक्यात आला. लेक नाही, नातू नाही. शाळेत शुद्धलेखन घालायचा त्या ठणठणीत आवाजात तो म्हणाला, "आम्ही जातो."

आणि उंबरा उतरून, जोडे पायांत सरकवून, गाडीकडे चालू लागला. मागे बायको आणि लेक येतच असणार, हे तो धरूनच चालला होता.

सरूच्या तोंडून हुंदका फुटला. प्रयागबाई उठली. आजवर तिला या माणसाचा कंटाळा होता, कधी हसू येई, कधी कीव. आता तिला त्याची शिसारी आली. इतकी वर्षं आपण याची भाकरी थापली, याचं धोतर धुतलं, याच्या भिंतीला चुना लागू दिला नाही, याचीही शिसारी आली. ती उंबऱ्यापाशी गेली.

गाडीजवळून मास्तर वळला. "चल."

"जावा," प्रयागबाई म्हणाली.

"काय?"

"जावा तुमी. मी न्हाई 'या' म्हनत. जावा!" अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ती ओरडली.

कपाळाला कुंकू असलेल्या बाईने नवऱ्याला भरल्या अंगणात 'जा' म्हणावं, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. धोंडाबाईनेसुद्धा तोंडावर हात ठेवला. प्रयागबाई तिच्याकडे वळली.

"विहीनबाई, तुमच्या उंबऱ्यात तो शबुद माझ्या लेकीनं न्हाई आनला, ह्या मानसानं आनला. आता त्योच घेऊन गेला. जायचं ते मानूस गेलं. तुमच्या घरावर आता काय ऱ्हायलं?"

धोंडाबाईने तोंडावरचा हात काढला. मग आत गेली, भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. सरूवरून आणि पोरावरून तिने तुकडा ओवाळून दूर टाकला, सुनेच्या पायांवर पाणी घातलं.

"ये गं," ती म्हणाली. संपतने पुढे होऊन पोराला घेतलं, तेव्हा तो रडत होता.

मास्तर काही वेळ रस्त्यात उभा होता. कुणी त्याच्याकडे बघेना, तेव्हा तो गाडीत चढला.

लेकीच्या सासरी आईने किती दिवस राहायचं? सरूचं घर मार्गी लागल्यावर प्रयागबाई घोडेगावला धर्माजीकडे गेली. त्या दिवाळीला भाऊबीज समोरासमोर झाली, आणि भावाचं सगळं घर तिने पांढरंशुभ्र केलं, एकही भिंत न सोडता. जुन्नरला ती पुन्हा गेली नाही.

मास्तर जुन्नरात एकटाच राहिला. वाटसरूंना अडवणं त्याने सोडलं, कारण अडवायला दारात कुणी येतच नसे. भिंतीवरचा कोळसा हळूहळू पुसट झाला, रोमन लोक आधी गेले. कधी कुणी नवखा माणूस पाणी मागायला ओटीवर चढे आणि घरात बाईमाणूस दिसत नाही म्हणून विचारी. इस्माईल शेजारी कागद वाळत घालत असे. सोमाजीकडून त्याला सगळं कळलेलं होतं, पण तो काही बोलत नसे.

"घरची मंडळी ना?" मास्तर म्हणे. "माहेरी गेली आहे. येते म्हणून गेली आहे."