यारीचा घडीव हूक

चिकलठाण्यातल्या त्या कारखान्यात जुने इंजिनिअर व्यंकटराव यांच्या सहीशिवाय एकही ड्रॉइंग प्रत्यक्ष बनवायला जात नसे, आणि सही काही सहजासहजी मिळत नसे. नव्या पोरापोरींनी कॉम्प्युटरवर कुठं किती ताण येतो ते दाखवणारी लाल-निळी चित्रं काढून आणली की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि एकच विचारत, "मोडेल तेव्हा कसं मोडेल?" मोडणारच नाही म्हणणाऱ्यावर ते असे खेकसत की बिचाऱ्याचा सगळा दिवस वाईट जाई. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक वस्तू कधी ना कधी मोडते. आधी वाकून इशारा देणारी वस्तू वेगळी, न सांगता दगा देणारी वेगळी. माल निवडायचा तो हे पाहून. घरात नवी शिडी आली तरी तिच्यावर आधी ते स्वतः चढत, मग बाकीच्यांना हात लावू देत. घरचे वैतागत, पण शिडीवरून कधी कुणी पडलं नाही.

असा माणूस यारीच्या वेळी चुकला.

यारी म्हणजे विहीर खोदताना दगडमाती वर काढायचं यंत्र. वर फिरता हात, त्याला तारेचा दोर, दोराला हूक आणि हुकाला बकेट. कारखान्याचा मालक राजकुमार याला पहिली यारी घाईनं पैठणकडे पाठवायची होती. ठोकून घडवलेला हूक यायला वेळ लागत होता. शेजारच्या फाउंड्रीतला ओतीव हूक मात्र तयार होता. ठरलेल्या भाराला तो पुरत होता, चाचणीतही टिकला. पण तो ओतीव माल वाकणारा नव्हता. गेला तर काचेसारखा एकदम गेला असता, आणि हे व्यंकटरावांना चांगलं ठाऊक होतं.

"काका, दगडच तर उचलायचेत," राजकुमार म्हणाला. "माणसं थोडीच बसणार आहेत?"

व्यंकटरावांनी ड्रॉइंगवर सूचना लिहिली: बकेटमध्ये माणूस बसू नये, भार चढताना खाली कुणी थांबू नये. त्याची ठसठशीत लाल पाटी यारीला लागली, सही झाली आणि त्यांचं मन निवांत झालं. आता या शहाण्या माणसाला कुणीतरी विचारायला हवं होतं, की विहिरीच्या तळाशी काम करणाऱ्यानं बाजूला व्हायचं तरी कुठं? आणि तो तळाशी उतरला कसा? तिकडं विहिरी खोदणारे यारीच्या बकेटमधूनच उतरतात, हे शाळकरी पोरही सांगेल. व्यंकटरावांनाही ते माहीत होतं. पाटी लावल्यावर त्यांनी त्याचा विचार सोडून दिला, एवढंच.

यारी सुरू करून द्यायला ते स्वतः पैठणजवळच्या शिवारात गेले. विहीर बरीच खोल गेली होती. खोदणाऱ्या टोळीचा मुकादम धोंडिबा यानं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून बकेट आतून पुसली.

"या साहेब. पयला मान तुमचा."

"कसला मान?"

"ज्यानं यारी केली त्यानं पयलं उतरायचं, मंग आमी. आमच्यात असंच अस्तंय."

सगळी टोळी कौतुकानं बघत होती. व्यंकटरावांनी वर हुकाकडे पाहिलं. त्यांचा पाय काही उचलेना. दगडांसाठी केलेली सही त्यांना स्वतःच्या जिवासाठी पुरेना.

"भेव वाटतंय व्हय?" धोंडिबा हसला. "ऱ्हाऊ द्या. आमाला रोजचंच हाय." आणि त्यानं एक पाय बकेटमध्ये टाकलाही.

"बाहेर ये!" व्यंकटराव जोरात ओरडले. दंड धरून त्यांनी धोंडिबाला मागे ओढलं. "हा हूक माणसांसाठी नाही."

"मंग आमी उतरायचं कशानं?" धोंडिबानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. व्यंकटरावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हूक तिथंच काढून त्यांनी आपल्या पिशवीत घातला. राजकुमार फोनवर बराच तणतणला. "काका, पाटी लावलीय ना आपण?"

"पाटी आपण आपल्या समाधानासाठी लावली होती," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

घडीव हूक येईपर्यंत काम बंद राहिलं, टोळी बसून राहिली, शिव्या दोन्हीकडून व्यंकटरावांनाच पडल्या. त्यांनी माणसांचा भार धरून सगळं पुन्हा तपासलं, दोर जाड केला, बकेटला जादा साखळी दिली. लाल पाटी राहू दिली, पण तिच्या भरवशावर पुन्हा कधी सही केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धोंडिबा कारखान्यात आला. गोणपाटात गुंडाळलेला हूक त्यानं टेबलावर ठेवला. हुकाचं तोंड उघडून तो पार वाकडा झाला होता.

"बकेट कपारीत अडाकली अन् दोर तसाच वडला गेला," तो म्हणाला. "हूक वाकाया लागला तसं वरच्या गड्यानं बगितलं, यारी बंद केली. दगडानं भरल्याली बकेट हुती. खाली माजा थोरला हुता, शिवम." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "साहेब, तुमचा हूक लई लवकर खराब झाला. दुसरा द्या."

व्यंकटरावांनी तो वाकडा हूक दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. सगळ्या ऑफिससमोर त्यांना रडू फुटलं. एका बिघडलेल्या हुकापायी साहेब एवढं का रडतायत, हे धोंडिबाला कळेना. तो आपला टॉवेल पुढं करून उभा राहिला.