उर्समारचा श्वास

पाल्मीर आंकेचं नाव निघालं की आता सगळे गोडगोड बोलतात. "काय बाई होती!" म्हणतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती इथे आमच्या आळीत राहत होती तेव्हा कुठे गेला होता रे हा जिव्हाळा, मेल्यांनो?

मी फ्लोर, तिची शेजारीण. शाळा सुटल्या सुटल्या आम्ही दोघी एकाच दिवशी सात नंबरच्या खाणीवर लागलो. वर, निवडणीच्या पट्ट्यावर. खालून कोळसा यायचा, पट्टा सरकत राहायचा आणि आम्ही बायका दोन्ही अंगांना उभ्या राहून त्यातले दगड हातांनी वेचायचो. डोक्याला फडकं कितीही घट्ट बांधा, घरी येऊन थुंकलं की काळंच. पुरुष म्हणायचे, "आम्ही खाली मरतो, तुम्ही वर उभ्या राहून गप्पा मारता." गप्पा म्हणे! त्या खडखडाटात कोणी नावाने हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

पाल्मीर उंच, हाडकुळी आणि तोंडाची फटकळ. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एका पुरुषाचं खोकणं पुरे आहे मला." तो पुरुष म्हणजे तिचा बाप, उर्समार. उभा जन्म खाणीत गेला आणि दगडाची धूळ छातीत बसली. खाणीचा डॉक्टर वर्षानुवर्षं त्याला दमा म्हणत राहिला. दमा! अर्ध्या आळीला दमा आणि डॉक्टरच्या आळीत एकालाही नाही. उर्समार खिडकीशी खुर्चीत बसून असायचा, दोन शब्द बोलला की तिसऱ्यासाठी थांबायचा. त्याला एकच सुख उरलं होतं, परसातली कबुतरं.

आमच्याकडे कबुतरं म्हणजे काय, ते बायकांना विचारा. शुक्रवारी टोपल्या भरून कबुतरं आगगाडीने फ्रान्सात जायची, रविवारी सकाळी तिकडून घराकडे शर्यतीला सोडायची आणि मग आख्खी आळी मान वर करून बसायची. पाखरू आलं, खुराड्यात शिरलं, पायातली रबराची कडी काढून शर्यतीच्या घड्याळात टाकली की वेळेची नोंद झाली. पण ते छपरावरच बसून राहिलं तर गेली शर्यत. म्हणून रविवारी मोठ्याने बोलायचं नाही, पोरांनी चेंडू खेळायचा नाही. आणि काहीही झालं तरी परसात कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण पांढरं कापड फडफडलं की पाखरू बिचकतं आणि उतरत नाही. पोराचे लंगोट ओले राहिले तरी चालतील, साहेबांचं पाखरू बिचकता कामा नये!

मग एका वसंतात कळलं की सात नंबर बंद होणार. ब्रुसेल्समध्ये कोणीतरी ठरवलं की आमचा कोळसा परवडत नाही. लढाईनंतर देश थंडीने कुडकुडत होता तेव्हा परवडत होता बरं! आता नवे कारखाने तिकडे समुद्राकडे, फ्लेमिश मुलखात उभे राहत होते आणि आमच्या वाट्याला भाषणं येत होती.

युनियनचा पुढारी होता आशिल बोदू. वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोलू. त्या थोरल्या संपाच्या हिवाळ्यात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या त्याने. आम्ही बायकांनी तेव्हा युनियनच्या हॉलमध्ये हंडे चढवून सगळ्यांना सूप घातलं होतं, तेही तो विसरला नव्हता. प्रत्येक भाषणात सांगायचा. तर आशिलने खाणवाल्यांशी बोलून ठरवलं की खालचे पुरुष दुसऱ्या खाणीत जातील आणि ज्यांना काम मिळेल त्यांची घरं राहतील. घरं सगळी खाणीचीच होती. पट्ट्यावरच्या बायकांना मात्र काम नाही. आम्हाला नवरे होते, आमची घरं वाचली. पाल्मीरला नवरा नव्हता. बाप केव्हाच कामातून गेलेला, घर तिच्या कामावर चाललेलं. म्हणजे ज्या खोलीत ती जन्मली, ती खोली हिवाळ्याच्या आत सोडायची.

ती तडक कॅफेत गेली, मीही तिच्यामागून गेले. आशिल बिअर घेऊन बसला होता.

"आशिल, माझं काय?"

"पाल्मीर, समजून घे. सगळं एकदम मागितलं तर हातचंही जाईल. तुझं पुढच्या बैठकीत बघू."

"मागच्या बैठकीतही हेच म्हणालास."

"मग आता लग्न कर एखाद्याशी!" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. माझा नवरा ओदों पण हसला. त्या रात्री त्याला मी जेवायला वाढलं नाही.

पाल्मीर हसली नाही, ओरडलीही नाही. शनिवारी दारोदार फिरून बायकांशी बोलली. आणि रविवारी सकाळी पुरुष मान वर करून बसले असताना तिने आपल्या परसात एक पांढरी चादर टाकली. मग मी टाकली. मग पलीकडच्या जियुल्याने, मग तिच्या सुनेने. बघता बघता आख्खी आळी पांढरी झाली.

ओदों धावत आला. "फ्लोर, डोकं फिरलंय का तुझं? काढ ती चादर!"

"हात लावून तर बघ."

"अगं, पाखरं येतायत!"

"येऊ देत की. त्यांनाही कळू दे घर बंद झालं की कसं वाटतं ते."

पाखरं आली, वर घिरट्या घालत राहिली आणि एकही उतरेना. आशिलचा तो नावाजलेला निळा नर चर्चच्या कळसावर जाऊन बसला. बाप्ये टोप्या हलवत, दाणे खुळखुळवत, शिव्या घालत धावत होते. आम्ही हसून हसून खाली बसलो. उर्समारची लाडकी मादीही त्यात होती. पाल्मीर खिडकीशी गेली, म्हणाली, "बाबा, तुमचंही पाखरू अडलंय."

उर्समारने दम घेतला. "उशीचा अभ्रा... राहिलाय. तोही टाक."

सोमवारी युनियनचा हॉल गच्च भरला. आमच्या कामासाठी सभा बोलावल्या तेव्हा बाकं रिकामी असायची आणि कबुतरं अडली तर उभं राहायला जागा नाही! पहिला ठराव काय झाला असेल? शर्यतीच्या रविवारी कोणी कपडे वाळत घालू नयेत. मी पायातला बूट काढला होता, जियुल्याने हात धरला म्हणून राहिलं.

पाल्मीर उभी राहिली. "घराचं ठरेपर्यंत दर रविवारी धुणं निघेल," एवढंच म्हणाली आणि बसली.

मग मात्र हालचाल झाली. त्याच आठवड्यात आशिल खाणवाल्यांकडे जाऊन आला आणि पुन्हा सगळ्यांना हॉलमध्ये जमवून हसत हसत सांगू लागला, "मिळालं! उर्समार जुना खाणकामगार आहे. तो जिवंत असेपर्यंत घर आंक्यांकडेच राहील!"

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. पुरुष वाजवत होते, पुष्कळ बायकाही वाजवत होत्या. मी पाल्मीरकडे पाहिलं. तिचा चेहरा कोळशाच्या राखेसारखा झाला होता. एवढी वर्षं पट्ट्यावर उभी राहिली ती, आणि घर कशावर मिळालं, तर बापाच्या फुफ्फुसांवर.

ती घरी गेली आणि तिने बापाला सगळं सांगितलं. मी दारात होते. उर्समार गेलं वर्षभर म्हणत होता, "पोरी, आता मला सोड, पुरे झालं." त्या दिवशी त्याने खुर्चीचे हात धरून स्वतःला वर ओढलं. मग म्हणाला, "पाठीशी... अजून एक उशी दे. सरळ बसलं की... जास्त दिवस निघतात."

आणि बसला. उन्हाळा गेला, हिवाळा गेला. आडवा झाला की श्वास अडायचा म्हणून तो झोपेनासा झाला. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं, करवत ओल्या लाकडात अडकावी तसं. ओदों उशीत तोंड खुपसायचा. "सुटेल कधी बिचारा?" म्हणायचा. पाल्मीर बापाला चमच्याने चिकोरीची कॉफी पाजायची आणि रागाने रडायची, "बाबा, जा हो आता. मी बघेन माझं." तो मान हलवून नाही म्हणायचा. त्याला बोलायचं झालं तर एक श्वास जायचा, आणि तो वाया घालवायला तो तयार नव्हता.

पुढच्या वसंतात एका सकाळी पलीकडून आवाज आला नाही.

अंत्ययात्रेला आशिलच्या हातात युनियनचा लाल झेंडा होता, बँड होता. खाणीचा कारकूनही आला होता, लांब उभा, टोपी हातात. कशाला आला होता ते सगळ्यांना माहीत होतं. स्मशानाच्या फाटकाशी आशिलने पाल्मीरच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेवटच्या श्वासापर्यंत लढला तुझा बाप."

तिने त्याचा हात झटकला. "लढला नाही, आशिल. भाडं भरत होता. आणि ते भाडं तुम्ही ठरवलं होतंत, टाळ्या वाजवून."

कोटाच्या खिशातून तिने घराची किल्ली काढली, आशिलच्या मोकळ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तूच नेऊन दे त्या कारकुनाला." मग ती बस थांब्याकडे चालू लागली. आशिल एका हातात झेंडा आणि एका हातात किल्ली घेऊन तिथेच उभा राहिला, आणि आम्ही कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.