पंतोजी आणि पोशेऱ्याची नागली

टायपिंगवाल्या बाई कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. विद्वानांच्या तर मुळीच नाही. जव्हारला एसटी डेपोजवळ एका अरुंद जिन्यावर त्यांचा वर्ग होता. प्राध्यापक मंडळी तिथे प्रबंध टाइप करायला देत आणि कपाळाला आठ्या घालून परत येत, कारण बाई मजकुराबरोबर प्रश्नही हातात ठेवत. बाई आता नाहीत. पण अजूनही कुठला आकडा लिहिताना माझा हात जरा थबकतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाईंनी कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तकं वाचून स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव पंतोजी. टाइप केलेला शोधनिबंध त्यात घातला की तो बेरजा तपासे, मजकुरातले आकडे तक्त्यांशी ताडून बघे, विसंगत दिसेल ते हेरून शंकांची यादी छापून देई. "माणूस साहेबाला विचारायला लाजतो," बाई म्हणत, "याला लाजच नाही. म्हणून तर मला हा आवडतो."

मी तेव्हा मोखाड्याला शेतीखात्यात होतो. डोंगरातल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, गावठी वाणांवर माझा निबंध तयार होता. त्यात चांगली ठरलेली वाणं अनेक ठिकाणच्या मोठ्या चाचणीत जाणार होती, बाकीच्यांना पुढे कुणी विचारणार नव्हतं. पोशेरा गावाचं वाण माझ्या तक्त्यात अगदी तळाला होतं. आमचे मार्गदर्शक म्हणाले, "ते सोडून द्या." मी सोडलंच होतं, फक्त टायपिंग व्हायचं राहिलं होतं.

पंतोजीनं सात शंका काढल्या. सातही पोशेऱ्याच्या शेतांवर. पेंढा इतर गावांएवढाच, मग दाणे निम्म्याच्या आसपास कसे? माझं डोकं फिरलं. "बाई, यंत्राला शेतीतलं काय कळतं?"

"काही नाही कळत. तुम्हाला कळतं ना? मग सांगा."

 दुसऱ्या दिवशी चडफडत जीपनं पोशेरा गाठलं. पेंढा मी स्वतः काट्यावर तोलला होता, दाणे मात्र लोकांनी सांगितलेल्या पायल्यांवरून धरले होते. हे सांगताच एका आजीनं घरातली पायली आणून माझ्यासमोर आदळली. बाजारातल्या पायलीच्या दुप्पट!

"ह्यो आमचा माप, सासऱ्याच्या येळचा. बाजारचा बारीक हाय. तू इचारलास कवा?"

खरंच, विचारलं नव्हतं. चार बुकं शिकलेल्या माणसाला एवढं सुचू नये, याची मला भयंकर लाज वाटली. सातही घरांतली मापं तोलली, आकडे दुरुस्त केले आणि पोशेऱ्याचं वाण तळातून थेट वरच्या तिघांत जाऊन बसलं. दुरुस्त निबंध पंतोजीत घातला, तेव्हा प्रिंटरनं कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. पोरींनी टाइपरायटर थांबवून टाळ्या वाजवल्या.

निबंध छापून आला, वाण चाचणीत गेलं. दोन हंगामांनी निकाल हातात पडला तसा मी मोखाड्याहून निघालो आणि जव्हारचा तो जिना धापा टाकत चढलो. "बाई, पोशेरा पहिला!"

बाईंचे डोळे भरून आले होते. तरी चष्मा सावरत त्यांनी विचारलंच, "किती ठिकाणी?"

"सगळीकडे, बाई."

तेव्हा कुठे त्या हसल्या.