हशाची फॅट काढणारे मामा

विनोदाची खरी परीक्षा करण्याचा अधिकार या जगात एकाच माणसाला होता आणि तो माणूस वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत फॅट काढायला बसत होता, असं माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईच्या जाणकारांना हे पटणार नाही. न पटो. त्यांनी कधी लॅक्टोमीटर हातात धरलेलं नाही आणि आमच्या मामांनी कधी नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही, तेव्हा फिट्टंफाट. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, पण गावातल्या एकूण एक माणसाचे ते मामाच; त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले आमचे निवृत्त पोस्टमनसुद्धा त्यांना मामा म्हणत. तीस वर्षं ते संस्थेच्या त्याच लोखंडी टेबलामागे बसले. दूध आलं की आधी वास घ्यायचा, मग लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघायची, अठ्ठावीसच्या खाली गेली की पाणी समजायचं, मग फॅट काढायची आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगायचा. सख्ख्या मेहुण्याचं दूध त्यांनी भर रांगेतून परत पाठवलं होतं आणि त्यापायी मामींचं माहेर वर्षभर तुटलं होतं. "ज्याचं दूध त्याच्या तोंडावर," एवढाच त्यांचा कायदा. स्वतः मात्र दुधाचा थेंब घेत नसत. चहा कोरा. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "परीक्षा करणाऱ्यानं पिऊ न्हाई. एकदा जिभंला चव लागली की हात ढिला पडतो."

असा माणूस मोबाइलवरच्या विनोदी कार्यक्रमांच्या नादी लागला त्याचं कारण दुष्काळ. त्या वर्षी गावातली सगळी जनावरं चारा छावणीत होती आणि जनावरांमागे माणसंही. छावणी म्हणजे माळावर हिरव्या जाळीच्या सावल्या, दावणीला बांधलेल्या म्हशी आणि त्यांच्या शेपटाशी बसून राहिलेले मालक. दूध तिथेच निघायचं म्हणून संस्थेनं मामांचं टेबलही तिथेच हलवलं. सकाळचं संकलन आटोपलं की दुपारभर करायला काहीही नसे. मग कुणाच्या तरी मोबाइलवर एकटाच माणूस माइक धरून उभा राहून बोलतोय आणि समोरचे लोक हसताहेत, असे कार्यक्रम सुरू व्हायचे. आवाज घुमावा म्हणून मोबाइल दुधाच्या लिटरच्या मापात उभा करत. पंधरा-वीस माणसं भोवती बसून खदखदत असायची आणि मध्यभागी मामा, हनुवटीला दोन बोटं लावून, चेहरा मयताच्या दारात बसल्यासारखा. कार्यक्रम संपला की सगळे त्यांच्याकडे बघायचे. मामा थोडा वेळ घ्यायचे आणि म्हणायचे, "तीन-दोन. जर्सी. देतंय बादलीभर, पर पातळ."

त्यांच्या मतांची मी तेव्हाच टिपणं ठेवायला हवी होती. एक गृहस्थ नाव-गाव-शिक्षण सांगण्यातच सात मिनिटं घालवत होते, तेव्हा मामा उठले. "आजून पान्हाच न्हाई सोडला बे ह्यानं. वासरू दमलं." बायकोवरचा विनोद आला की नाक मुरडायचे आणि म्हणायचे, "परवाचं दूध हाय. आंबलंय." शिव्यांबद्दल त्यांचं मत आमच्या गावातल्या कीर्तनकारांना आवडलं नाही, कारण मामांचा आक्षेप संस्कृतीचा नव्हताच. "शिवी म्हंजी युरिया," ते म्हणायचे. "डिग्री वाडती, दूध न्हाई वाडत. चोख माल आसंल तर युरिया कावून टाकायचा?" पण त्यांचा खरा राग समोरच्या हशावर. एकदा एका प्रसिद्ध माणसाचा कार्यक्रम चालू असताना त्यांनी मोबाइल थांबवायला लावला आणि पिवळ्या ओढणीतल्या एका बाईवर बोट ठेवलं. "ही बाई मगाशी हसली तवा तिचे केस बांधलेले व्हते. आता मोकळे हायत. पुना बांधले जात्यात बगा." पुढच्याच विनोदाला बाईचे केस खरोखर बांधलेले निघाले. छावणीत टाळ्या पडल्या. मामा शांतपणे म्हणाले, "सकाळचं अन् सांजचं एकाच कॅनात वतलंय. हे हसू वरनं टाकल्यालं हाय. पावडर."

या निकालांचा त्या त्या कलावंताला फायदा व्हावा असं त्यांना फार वाटे. म्हणून प्रतिक्रिया लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गावातल्या हायस्कुलात कारकून. त्यामुळे मजकूर कार्यालयीनच होई. "महोदय, आपले सादरीकरण अवलोकनात आले. प्रथम चार मिनिटे निरर्थक. पुढे सुधारणा. फॅट चार-एक. कळावे." वर जावक क्रमांक घालायलाही मामा विसरू देत नसत. तीसेक प्रतिक्रिया आम्ही पाठवल्या असतील. एकाचंही उत्तर आलं नाही. मामांचं त्यावर म्हणणं असं, की दूध परत आलेला माणूस तरी कुठं नमस्कार घालून जातो?

आणि अशातच एका दुपारी त्या मापातून ओळखीचा आवाज आला. मोबाइलवर आमच्या गावच्या टोकाच्या वस्तीवरच्या राधाबाईंची कोमल उभी होती. राधाबाईंचं घर एका म्हशीवर चालतं, हे गावाला माहीत. कोमल पुण्यात कुठल्याशा कंपनीत नोकरीला गेलेली, हेही माहीत. पण ती संध्याकाळी माइक धरते हे कुणालाच माहीत नव्हतं. ती म्हणत होती, "आमच्याकडं दुष्काळ पडला. विहिरीला पाणी न्हाई. बोअरला पाणी न्हाई. टँकर तिसऱ्या दिवशी. पण पाणी होतं बरं का. अख्ख्या गावात एकाच ठिकाणी होतं. चेअरमनच्या दुधाच्या कॅनात." समोरचे लोक कोसळले. ती थांबली आणि मग मामांच्या आवाजात म्हणाली, "आमचे टेस्टर मामा त्यांना म्हणाले, 'सायेब, दूध परत न्या. पाणी तेवढं ठिऊन जा, म्हशी तहानल्यात.'"

छावणीत कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी आधी मागं वळून संस्थेच्या चेअरमनांचा माणूस कुठं आहे ते पाहिलं. कारण ही गोष्ट घडलेली होती. याच छावणीत, याच टेबलासमोर, रांगेतल्या चाळीस माणसांच्या देखत. मामांनी तो तुकडा दोनदा लावायला सांगितला आणि पहिल्यांदाच निकाल दिला नाही. "बगू," म्हणाले, आणि कोरा चहा प्यायला निघून गेले.

चार दिवसांत तो तुकडा तालुकाभर फिरला आणि चेअरमन पेटले. "हा माजा आपमान न्हाई, संस्थेचा हाय," असं ते ज्याला त्याला सांगू लागले. वार्षिक सभा तोंडावर होती. तिच्यात ठराव यायचा होता: एक, सदर मुलीचा तीव्र निषेध; दोन, पुढच्या महिन्यापासून राधाबाईंचं दूध संस्थेनं घेऊ नये. दुसरी संस्था नऊ किलोमीटरवर आणि राधाबाईंकडे सायकलसुद्धा नाही. म्हणजे त्यांची चूल विझवण्याचाच तो ठराव होता. असा प्रकार घडलाच नाही, हे एक वाक्य मामांनी सभेत उभं राहून म्हणायचं होतं. आणि ठरावाला अनुमोदन द्यायचं होतं मी. चेअरमन आमच्या हायस्कुलाच्या कमिटीवरही आहेत. त्यांनी माझ्या हातात अनुमोदनाच्या वाक्याची चिठ्ठी दिली तेव्हा मी "बघू" म्हणालो. नाही म्हणायची छाती नसलेल्या माणसानं शोधून काढलेला हा शब्द आहे. मामांचं "बगू" वेगळं आणि माझं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सभेच्या आदल्या दिवशी मी मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, एक वाक्य बोलून मोकळे व्हा. दोन वर्षं राहिलीत तुमची नोकरीची. टेबल गेलं तर काय करणार?" ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "व्हिडू आजून एकदा बगतो. घाईनं फॅट निगत न्हाई."

सभा संस्थेच्या आवारात, मांडवात भरली. एवढी गर्दी मी निवडणुकीतही पाहिली नव्हती. सचिवांनी ठराव वाचला, सूचकानं सूचना केली आणि चेअरमन हसत म्हणाले, "आता मामा बोलत्याल." मामा उठले. "आदी सॅम्पल लावा," म्हणाले. "सॅम्पल न बगता निकाल कसा द्यायचा?" चेअरमनांना नाही म्हणता येईना. मोबाइल लिटरच्या मापात ठेवला, माप माइकसमोर धरलं आणि कोमलचा आवाज मांडवभर घुमला. पुण्यातले लोक हसले, आम्ही गप्प. प्रत्येकानं तो तुकडा घरी दहादा पाहिलेला, पण चारचौघांत पहिल्यांदाच ऐकतोय असे चेहरे.

"बोला मामा," चेअरमन म्हणाले. "खरं काय ते सांगा."

मामांनी हनुवटीला दोन बोटं लावली. "पोरीनं चूक केलीय," ते म्हणाले.

चेअरमनांचा चेहरा खुलला. मी खिशातली चिठ्ठी चाचपली.

"तिनं एक कॅन म्हनलंय. दोन व्हते. एकाची डिग्री बावीस, दुसऱ्याची एकवीस. अन् टँकर तिसऱ्या दिसाला येत नव्हता, पाचव्या दिसाला यायचा. एवडी दुरुस्ती तिला कळवा. बाकी माल चोख हाय. सात-दोन. म्हशीचं."

मग बायकांच्या बाजूला पदर तोंडात कोंबलेल्या राधाबाईंच्यानं हसू आवरेना. त्यांच्यामागून सगळ्या बायका, मग पोस्टमन, मग अख्खा मांडव. चेअरमनांचे सख्खे साडू खुर्चीवरून घसरले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्या गदारोळात मामा एकटे गंभीर उभे होते. माइक त्यांच्यापुढेच होता, त्यातून ऐकू आलं, "हे बगा, हे ताजं. वरनं टाकल्यालं न्हाई."

आमचे सचिव नियमाचे माणूस. हशा ओसरायच्या आत ते ओरडले, "अनुमोदक?" मी उठलो नाही. धैर्यानं बसून राहिलो असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण खरं हे की हसून हसून माझ्यात उठायचं त्राणच उरलं नव्हतं. चेअरमनांची चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. दुसरं कुणीही उठलं नाही. ठराव अनुमोदनाअभावी बारगळला, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावं.

राधाबाईंचं दूध चालू राहिलं. मामांचं टेबल गेलं. महिन्याभरात आपोआप फॅट दाखवणारं यंत्र आलं आणि मामांना पशुखाद्याच्या गोदामावर पोती राखायला बसवण्यात आलं. यंत्राला वास घेता येत नाही आणि कुणाच्या तोंडावर काही सांगताही येत नाही, त्यामुळे ते चेअरमनांना मानवलं. मी एकदा न राहवून विचारलं, "मामा, वाईट वाटतं का?" ते माझ्यावर उखडले. "तीस वर्सं लोकांच्या दुधातलं पानी काडलं, अन् आता पोरीच्या दुधात मी पानी घालू व्हय रं?" वाईट वाटत होतंच. पेंडीच्या वासात बसून ते रोज सकाळी रांगेच्या दिशेला कान लावत, हे मला दिसत होतं. त्यांनी ते कबूल केलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीत कोमल आली ती घरी न थांबता थेट गोदामावर. मागोमाग राधाबाई चहाच्या दोन किटल्या घेऊन, एक दुधाची, एक मामांसाठी कोरी. मी पेंडीचं पोतं न्यायला गेलेलो. कोमल म्हणाली, "मामा, दुरुस्ती केलीय. दोन कॅन, पाचवा दिवस. ऐकता का?" आणि पोत्यांच्या थप्पीपुढे उभी राहून, समोर आम्ही तिघं, तिनं सगळं सादर केलं. विहीर, बोअर, टँकर, कॅन. मामा सवयीनं हनुवटीला बोटं लावून बसलेले. तिचं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "किती लागली मामा?"

मामांनी बोटं खाली घेतली. "मला कावून इचारती? मी आता टेस्टर हाय का?" ते म्हणाले. मग राधाबाईंकडे वळले. नेहमीचा कोरा चहा त्यांनी ओतायला घेतला होता. "ऱ्हाऊ द्या तो. दुधाचा द्या. अन् तू गं, पुना सांग. पयल्यापासून."

तिनं पुन्हा सांगितलं. विहिरीपाशीच मामांचे खांदे हलायला लागले. टँकरपाशी त्यांनी कप खाली ठेवला. आणि "म्हशी तहानल्यात" हे स्वतःचंच वाक्य आलं तेव्हा तो माणूस जे हसला, ते तीस वर्षांचं साचलेलं होतं. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले. कोमलही हसत होती, आणि मग बघता बघता तिला रडू फुटलं.

मोबाइल माझ्या खिशात होता. मी काढला नाही. मामांनीच मला शिकवलं होतं, की हसू ताजं असावं, साठवलं की त्यात काहीतरी मिसळतं. मामांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांचं ते मत मी आजही कुणाशीही भांडून खरं करीन. पण एखाद्या दुपारी मोबाइलवर कुणीतरी माइक धरून बोलत असतं, समोरचे लोक हसत असतात, आणि मला वाटतं, तेवढं एकदा मामांचं ऐकायला नको होतं मी. निदान एकदा तरी काढायला हवा होता मोबाइल.